आधी मोजावे, मग बदलावे



माझा व्यवसाय शिक्षकाचा. मोटारदुरुस्तीशी माझा संबंध एवढाच की, आठ वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेली एक लहानशी पेट्रोल-गाडी माझ्या दारात उभी असते. तेव्हा मोटारीच्या दुखण्याविषयी मी बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात या गाडीने मला जो धडा शिकविला, तो मी वर्गात मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो आणि स्वतः मात्र विसरलो होतो. प्रश्न शेवटपर्यंत वाचल्यावाचून उत्तर लिहू नये, हा तो धडा. तो विसरल्याचा दंड मला अठरा हजार रुपये पडला. आपणांस तो पडू नये, म्हणून हे चार शब्द.

श्रावणातला एक शनिवार होता. आईला घेऊन मी देवासहून धारला थोरल्या बहिणीकडे निघालो होतो. देवास ते इंदूर आणि इंदूर ते धार मिळून हा रस्ता शंभर किलोमीटरांच्या आसपास भरतो. इंदूर सोडले, बेटमा मागे पडले. घाटाबिल्लोदला चंबळेचा पूल लागतो, त्याच्या अलीकडे पावसाची मोठी सर आली. दिवेलागणीची वेळ झाली होती. आणि एकाएकी गाडीचा जीव गेला. ॲक्सिलरेटर दाबावा, तर इंजिन दाद देईना. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि सत्तरच्या वेगाने जाणारी गाडी पाहता पाहता तीसवर आली. मागून येणाऱ्या ट्रकचे दिवे आरशात भरून गेले. भोंगा वाजला आणि तो ट्रक अगदी कडेने निघून गेला. आई मागे बसली होती. तिने काही विचारले नाही; फक्त माझ्या आसनाची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

गाडी कडेला घेतली, बंद केली, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केली. काही झालेच नाही अशा थाटात ती धारपर्यंत गेली! त्या ठिकाणापासून पीथमपूर काही लांब नाही. आयशरचे ट्रक आणि कायनेटिक होंडाच्या स्कूटरी ज्या गावात तयार झाल्या, ते हे पीथमपूर. धार जिल्ह्यातल्या याच परिसरात गाड्यांच्या परीक्षेसाठी ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगवान धावपट्टी आहे; तिचे उद्घाटन २०२१ च्या जूनमध्ये झाले. आणि त्याच्याच आसपास माझी गाडी तीसच्या वर जाईना, याचे त्या रात्री मला हसू आले नाही, आज येते.

पुढच्या आठवड्यात गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. तेथे तिला स्कॅनर लावला, एक सांकेतिक क्रमांक मिळाला, आणि ‘थ्रॉटल गेला’ असा निकाल अर्ध्या तासात लागला. नवा थ्रॉटल बसला. पैसे मी मुकाट्याने मोजले. दहा दिवसांनी पुन्हा पाऊस आला आणि पुन्हा गाडी तशीच मेली. आई म्हणाली, ‘बाळ, मी आता धारला बसनेच जाईन.’ हे वाक्य मला त्या पैशांपेक्षाही अधिक लागले. गाडी विकून टाकावी, असे मी ठरविले होते.

आता हे दुखणे समजावयाचे, तर आधी निरोगी देह कसा चालतो ते पाहिले पाहिजे.

पेट्रोल-इंजिनाच्या तोंडाशी हवा आत जाण्याची एक नळी असते आणि तीत रुपयाच्या आकाराची, पण त्याहून मोठी अशी एक गोल झडप असते. ही झडप म्हणजेच थ्रॉटलचे पाते. ते उघडले की हवा जास्त जाते, तिच्या हिशेबाने पेट्रोल जास्त जाते आणि गाडी पळते. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. तिच्यात पायाखालच्या ॲक्सिलरेटरपासून कार्बुरेटरच्या झडपेपर्यंत एक पोलादी तार गेलेली असे. पाय दाबला की तार ओढली जाई, तार ओढली की झडप उघडे. विहिरीवरच्या रहाटासारखा हा सरळ व्यवहार होता. तार तुटली तर डोळ्यांना दिसे. रस्त्यावरचा कोणीही मिस्त्री ती बदली.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ही तार नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने आपल्या बारा सिलिंडरांच्या गाडीत ती काढून टाकली. पुढे ही पद्धत साध्या गाड्यांतही आली. आता ॲक्सिलरेटर दाबणे म्हणजे नुसता अर्ज करणे होय. पाय किती दाबला हे पेडलजवळचा सेन्सर विजेच्या दाबाच्या रूपाने इंजिनाच्या संगणकाला कळवितो. संगणक तो अर्ज वाचतो, इंजिनाची अवस्था पाहतो, आणि मग झडपेजवळच्या एका छोट्या मोटरला हुकूम देतो की, पाते इतके उघड. पाते खरोखर तितके उघडले की नाही, हे झडपेवरचे आणखी सेन्सर त्याला उलट कळवितात.

येथे आपणांस साहजिकच शंका येईल. हा निरोप्या खोटे बोलला तर? पाय उचललेला असताना ‘पूर्ण दाबला आहे’ असे त्याने कळविले, तर अनर्थच ओढवेल. म्हणून करणाऱ्यांनी निरोप्या एक ठेवला नाही, दोन ठेवले. पेडलला दोन सेन्सर, झडपेलाही दोन. आम्हा देवासकरांना ही व्यवस्था समजणे सोपे जाते. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून आमच्या एकाच गावात दोन राज्ये झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत ती शेजारी शेजारी नांदली. गाव एक, पण दफ्तर दोन. त्याचप्रमाणे पेडल एक, पण त्याच्या हालचालीची नोंद दोघे वेगवेगळी ठेवतात. दोघांचा वीजपुरवठा निराळा, दोघांचा अर्थ निराळा, दोघांची निरोपाची वायर निराळी. म्हणून पेडलच्या कपलरमध्ये बहुधा सहा वायरी आढळतात.

गंमत अशी की, हे दोघे एकच आकडा सांगत नाहीत. तसे सांगितले असते, तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तरी संगणकाला पत्ता लागला नसता. पुष्कळ गाड्यांत पेडलच्या दुसऱ्या सेन्सरचा दाब पहिल्याच्या निम्मा असतो. पाय उचललेला असताना पहिला ०.८ व्होल्ट सांगत असेल, तर दुसऱ्याने ०.४ सांगितले पाहिजे. पहिला ४ वर गेला, तर दुसरा २ वर. झडपेच्या सेन्सरांची रीत पुष्कळदा निराळी असते. पाते उघडू लागले की एकाचा दाब चढतो, दुसऱ्याचा तितकाच उतरतो, आणि दोघांची बेरीज ५ व्होल्टच्या आसपास कायम राहते. नेमके आकडे कंपनीपरत्वे बदलतात, परंतु तत्त्व हेच. संगणक क्षणोक्षणी हा हिशेब ताडून पाहतो. तो जुळला नाही की त्याचा दोघांवरचा विश्वास उडतो आणि तो गाडीला लंगडी चाल देतो. म्हणजे इंजिन बंद पडत नाही, पण वेग वाढू देत नाही. झडपेच्या मोटरची वीज काढून घेतली, तरी आतली स्प्रिंग पात्याला किंचित उघडे धरून ठेवते. त्या फटीतून जेवढी हवा जाईल तेवढ्यावर गाडी कडेपर्यंत सरकत जाते.

याचा अर्थ ध्यानात घ्यावा. त्या शनिवारी गाडीने मला दगा दिला, असे मी समजत होतो. वस्तुतः तिने आपले कर्तव्य केले होते. साक्षीदारांचे जबाब जुळत नाहीत असे दिसताच तिने धोक्याचा मार्ग सोडून मंद चालीचा मार्ग धरला. माझी तक्रार असावयास हवी होती ती तिच्याविरुद्ध नव्हे, तर खोटा जबाब कोणी दिला याचा तपास न करताच निकाल देणाऱ्यांविरुद्ध. आणि तो निकाल एकही प्रश्न न विचारता मान्य करणाऱ्या माझ्याविरुद्ध.

हा तपास अखेर देवासच्याच एका वृद्ध मेकॅनिकने केला. घरी मराठी, गॅरेजात माळवी, अशी त्यांची भाषा. आम्ही सारे त्यांना उस्ताद म्हणतो. गाडीकडे त्यांनी लगेच पाहिलेच नाही. आधी मला स्टुलावर बसविले आणि डॉक्टरने विचारावे तसे विचारले. ‘मास्तर, इंजिन गरम असताना होते की थंड? खड्ड्यात आदळल्यावर होते का? दोन्ही वेळा पाऊस होता का?’ दोन्ही वेळा पाऊस होता, हे मला त्या क्षणी प्रथमच जाणवले. नंतर ते म्हणाले, ‘स्कॅनरचा कागद असेल तर दाखवा.’

कागदावर क्रमांक होता पी २१३८. त्याचा मराठीत अर्थ असा: थ्रॉटल किंवा पेडल यांच्या स्थितीचे सेन्सर, डी आणि ई, यांच्या व्होल्टेजचा मेळ नाही. उस्ताद हसले. ‘त्यांनी पहिला शब्द वाचला, मास्तर. शेवटची अक्षरे वाचली नाहीत.’ या संकेतांत ए आणि बी ही अक्षरे सामान्यतः झडपेवरच्या सेन्सरांसाठी असतात. डी आणि ई ही पेडलच्या सेन्सरांसाठी. झडपेचे दोन सेन्सर भांडत असते, तर क्रमांक पी २१३५ आला असता. माझी झडप निर्दोष होती. दोष असलाच तर तो पायाकडे होता. वाक्याच्या आरंभी ‘थ्रॉटल’ हा शब्द आला, म्हणून थ्रॉटल बदलला गेला! असे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी शून्य गुण दिले असते.

परंतु उस्तादांनी पेडलही बदलले नाही. आपण आज दुसरे काही ध्यानात ठेवले नाही तरी चालेल, एवढे ठेवावे: सांकेतिक क्रमांक तक्रार कोणाची ते सांगतो, गुन्हेगार कोण ते सांगत नाही. ‘दोघांचा मेळ नाही’ म्हणजे सेन्सरच बिघडला असे नव्हे. वायर बिघडली असेल, पिन सैल असेल, अर्थ खराब असेल, पुरवठाच कमी पडत असेल.

त्यांनी तपास क्रमाने केला, आणि तो क्रम लिहून घेण्याजोगा आहे.

पहिली पायरी बॅटरीची. गाडी बंद असता १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असता १४ च्या आसपास दाब मिळाला. बॅटरी अशक्त असली की संगणक भलत्याच तक्रारी नोंदवितो. म्हणून सर्वांत स्वस्त परीक्षा सर्वांत आधी.

दुसरी पायरी नोंदींची. त्यांनी सर्व क्रमांक वाचून वहीत लिहून घेतले; पुसले नाहीत. दोष घडला त्या क्षणी वेग किती, इंजिनाचे फेरे किती, उष्णता किती, हेही संगणक टिपून ठेवतो. ते आधीच पुसून टाकणे म्हणजे पंचनामा होण्यापूर्वी जागा धुऊन काढणे होय.

तिसरी पायरी पाहण्याची. चावी फिरवून, पण इंजिन सुरू न करता, त्यांनी मला पेडल अगदी सावकाश दाबावयास आणि सावकाश सोडावयास सांगितले. स्कॅनरच्या पडद्यावर दोन रेघा चढल्या आणि उतरल्या. मधे कोठे खड्डा नाही, उडी नाही. दुसरी रेघ बरोबर पहिलीच्या निम्म्याने. सारे ठीक! माझा चेहरा उतरला. उस्ताद म्हणाले, ‘आज ऊन आहे, मास्तर. चोर घरी बसलाय. त्याला पाऊस दाखवू या.’

चौथी पायरी हीच. समोरच्या काचेखाली, वायपरजवळच्या जाळीवर, त्यांनी झारीने पाणी सोडले आणि डॅशबोर्डखालची वायर हाताने हळूहळू हलविली. दोनतीन मिनिटांत पडद्यावरची खालची रेघ वर सरकू लागली. पाय उचललेला असतानाही ०.४ च्या जागी ०.७ व्होल्ट दिसू लागले. पहिला सेन्सर मात्र आपल्या ०.८ वर अढळ होता. थोरल्या पातीचा हिशेब चोख, धाकट्या पातीचा बिघडलेला. पिवळा दिवा लागला.

पाचवी पायरी मोजण्याची. कपलरच्या मागून बारीक सुई घालून उस्तादांनी मल्टिमीटरने दुसऱ्या सेन्सरचा पुरवठा पाहिला. तो ५ व्होल्ट, म्हणजे ठीक. मग त्याच सेन्सरचा अर्थ पाहिला. अर्थाच्या वायरवर जवळजवळ शून्य मिळावयास हवे, तेथे ०.३ व्होल्ट मिळाले. जमीनच वर उचलली गेली, तर तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाची उंची जास्त भासणारच. कपलर सोडला, तेव्हा सहा पिनांपैकी एका पिनेवर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक दिसला. काचेखालच्या रबराला चीर गेली होती. तेथून पाणी आत येऊन वायरीच्या जुडग्यावरून ओघळत नेमके त्या कपलरवर पडत होते. रबर नीट बसविले, पिन साफ करून घट्ट केली, वायरींना असा वळसा दिला की पाणी उतरलेच तर कपलरच्या अलीकडे गळून पडेल. मजुरी साडेतीनशे रुपये. मग पुन्हा झारी, पुन्हा पेडल, रेघा जुळल्या. तेव्हाच त्यांनी नोंद पुसली आणि मला घेऊन बायपासवर एक फेरी मारली.

प्रत्येक गाडीत हाच दोष असेल, असे नव्हे. क्वचित उंदीर वायर कुरतडतो. पुष्कळदा झडपेच्या कडेला काजळी साचते आणि गाडी उभी असताना इंजिन अडखळते. अशा वेळी झडप योग्य द्रवाने पुसली आणि संगणकाला तिची मिटलेली जागा नव्याने शिकविली, की काम भागते. मात्र चावी चालू असताना त्या पात्यात बोट घालू नये. आतली मोटर ते अचानक मिटवू शकते. कधी दोष आणखी दूरचा असतो. काही गाड्यांत ५ व्होल्टचा एकच पुरवठा अनेक सेन्सरांना वाटून दिलेला असतो. त्यांपैकी एखादा, समजा एअर-कंडिशनरच्या गॅसचा दाब मोजणारा, आतून जळाला तर तो साऱ्यांचाच पुरवठा खाली ओढतो आणि बोंब थ्रॉटलच्या नावाने होते. तेव्हा जाणता कारागीर एकेक कपलर सोडून पाहतो. ज्याच्या सुटण्याने ५ व्होल्ट परत येतील, तो अपराधी.

हा प्रश्न केवळ माझ्या खिशाचा नाही. २००९ आणि २०१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात, अशी ओरड झाली आणि लाखो गाड्या परत बोलाविण्यात आल्या. पायाखालच्या चटईत पेडल अडकणे आणि पेडल स्वतःच चिकटणे, ही त्यामागची कारणे कंपनीने मान्य केली होती. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा संशय मात्र राहिला, म्हणून तेथील सरकारने अंतराळसंस्था नासाच्या अभियंत्यांना तपासास बसविले. २०११ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या अहवालात, झडप धोकादायकरीत्या सताड उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नसल्याचे म्हटले होते; परंतु बिघडलेल्या एका पेडल-सेन्सरमध्ये कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढलेले त्यांना सापडले. वाद तेथे संपला नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील ज्यूरीने, गाडीच्या संगणक-प्रणालीवरील तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून, एका प्राणघातक अपघाताबद्दल कंपनीला जबाबदार धरले. एवढ्या मोठ्या तपासातही अखेर केसाएवढी वस्तू आणि पायाखालची चटई पाहावी लागली, हे विसरू नये.

म्हणून गाडी बाळगणाऱ्यांस माझी विनंती अशी. पायाखालची चटई पेडलखाली सरकत नाही ना, हे आजच पाहावे. रस्त्यात गाडीचा जीव गेला, तर चारही इशारे-दिवे लावून कडेला यावे, आणि पाऊस, ऊन, चढ, खड्डा, काय होते ते लगेच लिहून ठेवावे. तेच मेकॅनिकला उपयोगी पडते. उलट गाडी आपोआप पळू लागली, तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा, पुनःपुन्हा सोडून दाबू नये. गिअर न्यूट्रल करावा, कडेला थांबावे आणि मगच इंजिन बंद करावे. धावत्या गाडीची चावी काढू नये, स्टिअरिंग अडकेल. आणि गॅरेजात कोणी महाग भाग बदलण्याचा सल्ला दिला, तर नम्रपणे एवढेच विचारावे: ‘काय मोजले, किती मिळाले आणि किती मिळावयास हवे होते?’ प्रामाणिक कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. तो आपल्याला वही दाखवितो.

गणेशोत्सवाच्या आधी आम्ही पुन्हा धारला गेलो. घाटाबिल्लोदला पाऊस होताच. पूल येताच आईने सवयीने आसनाची पाठ धरली. चंबळ ओलांडून बरेच पुढे गेल्यावर तिने एक हात सोडला आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून पुढे केला. दुसरा हात तिने धार दिसू लागेपर्यंत काढला नाही. यंत्रावरचा विश्वास एका पिनेने जातो. तो परत यावयास वेळ लागतो.